नोझल पाच पुरतात, टर्नटेबल मात्र डगमगता कामा नये

बार्शीजवळच्या एका ताईंनी विचारलंय: "केकचा स्पंज चांगला जमतो, कुकरमध्ये करते. आता आयसिंग, म्हणजे केकवरची क्रीमची सजावट, शिकायचं आहे. जवळ अडीच हजार रुपये आहेत. ऑनलाइन एक १३८ नगांचा सेट बघितलाय, त्यात टर्नटेबल (केक ठेवून फिरवायची चकती), नोझल (क्रीमला आकार देणारी टोकं), बॅगा सगळं आहे. घेऊ का? दीड महिन्यावर मुलाचा वाढदिवस आहे."

ताई, आधी उत्तर देते, कारण मग सांगते. तो सेट घेऊ नका.

सांगलीत गेली चौदा वर्षं मी घरी केक करते आणि वर्गही घेते. वर्गाला येणाऱ्या दर चार जणींमागे एकीच्या पिशवीत असाच एखादा सेट असतो. माझ्याकडेही होता. पहिल्या वर्षी अठराशे रुपये देऊन अठ्ठेचाळीस नोझलांची पेटी घेतली होती. त्यातली वापरली चार. उरलेली पावसाळ्यात गंजली आणि त्यांच्या डब्यात आता माझ्या शिलाईच्या सुया असतात. सेटमधल्या आकड्यावर जाऊ नका. त्या १३८ मध्ये कागदी कप, प्लॅस्टिकचे चमचे, टोचायच्या काड्या, चिकटपट्ट्या असं सगळं मोजलेलं असतं. आणि ज्या दोन वस्तूंवर केकचं रूप खरोखर अवलंबून असतं, त्या दोन्ही त्यात सगळ्यात हलक्या दर्जाच्या असतात.

केक बेकरीतून आणल्यासारखा दिसतो तो वरच्या फुलांमुळे, असं सगळ्यांना वाटतं. तसं नाही. वरचा भाग सपाट आणि कडा सरळ असली की साधी बॉर्डरसुद्धा उठून दिसते. कडा वाकडी असेल तर गुलाबांची बाग लावली तरी केक घरचाच दिसतो. सपाट वर आणि सरळ कडा ही दोन कामं टर्नटेबल आणि स्क्रेपर, म्हणजे क्रीम सरळ करायची पट्टी, करतात. नोझलचा नंबर त्यानंतर.

म्हणून पहिला पैसा टर्नटेबलवर. प्लॅस्टिकचं साधं टर्नटेबल अडीचशे ते साडेतीनशेत मिळतं आणि सुरुवातीला तेच घ्या. धातूचं जड हजार-बाराशेच्या पुढे जातं, ते ऑर्डरी सुरू झाल्यावर. पण प्लॅस्टिकचं घेताना दुकानात जाऊन, हाताळून घ्या. ऑनलाइन मागवाल तर नशिबावर. दुकानात ते काउंटरवर ठेवा, वाकून डोळे त्याच्या कडेच्या पातळीला आणा आणि फिरवा. कड वर-खाली होताना दिसली तर दुसरं मागा. मग कडेवर एका बोटाने दाबून बघा, समोरची बाजू उचलली जाते का. शेवटी दुकानदाराला विचारून किलोभर साखरेची पिशवी मधोमध ठेवा आणि पुन्हा फिरवा. रिकामं छान फिरणारं टर्नटेबल वजन ठेवल्यावर अडखळतं, हे घरी गेल्यावर कळून उपयोग नाही. दुकानदार हसेल. हसू दे.

घरी आणल्यावर ते नळाखाली धुवू नका. बहुतेकांच्या आत छर्रे असतात, पाणी गेलं की ते गंजतात आणि महिन्याभरात करकर सुरू होते. ओल्या फडक्याने पुसा, पुरे. आणि ही टर्नटेबलं बुटकी असतात. ओट्यावर ठेवून काम केलं की हाताची बोटं ओट्याला घासतात आणि स्क्रेपर तिरका होतो. त्याखाली एक रुंद, जड स्टीलचा डबा उपडा ठेवा. डबा आणि टर्नटेबलच्या मध्ये ओलं, घट्ट पिळलेलं फडकं घाला म्हणजे सरकणार नाही.

पोळपाटावर केक ठेवून, पोळपाट हाताने फिरवत आयसिंग करणाऱ्या बायका मी पाहिल्यात. खाली वाटी उपडी घालून ताट फिरवणाऱ्याही पाहिल्यात. जमतं, पण अडकत अडकत. कडा सरळ करताना फिरणं मध्ये थांबलं की तिथे रेघ उमटते, आणि ती रेघ काढताना शेजारी दुसरी उमटते. घरातल्या वस्तूंवर माझा फार विश्वास आहे, पुढे सांगतेच, पण टर्नटेबलच्या बाबतीत नाही.

स्क्रेपर तीस-पन्नास रुपयांचा प्लॅस्टिकचा चालेल. तो केकपेक्षा उंच हवा. थर लावून क्रीम चढवलं की अर्ध्या किलोचा केक चार इंचांपर्यंत सहज जातो आणि सेटमधले स्क्रेपर बहुधा तेवढ्यात संपतात. मग वरच्या अर्ध्या इंचाला वेगळा हात मारावा लागतो आणि तिथे पायरी पडते. उंच स्क्रेपर नाही मिळाला तर स्टेशनरीच्या दुकानातली स्टीलची बारा इंची पट्टी घ्या. नवी हं, मुलाच्या दप्तरातली नको. ती गरम पाण्यात साबणाने घासून घ्या. माझ्या वर्गात अजून तीच आहे. प्लॅस्टिकच्या कडेला चरे पडतात आणि ते चरे क्रीमवर छापले जातात. स्टीलला ती भीती नाही. धरायची अशी की खालचं टोक टर्नटेबलला टेकलेलं, पट्टी सरळ उभी आणि तिची सपाट बाजू केकच्या कडेशी तिरकी. हात स्थिर ठेवायचा, फिरवायचं ते टर्नटेबल. नवशिक्या नेमकं उलटं करतात, केक जागेवर आणि हात फिरतोय.

पॅलेट नाइफ, म्हणजे क्रीम पसरवायचा लांब बोथट सुरा, एकच घ्या, सरळ पात्याचा, आठ इंची. पातं थोडं वाकवून सोडा, सपकन सरळ झालं पाहिजे. वाकलेलंच राहिलं तर तो लोणी लावायचा सुरा समजा.

आता नोझल. पाच घ्या, सुटे घ्या. मोठा स्टार, ज्याला दुकानात 'वन एम' म्हणून मागतात. त्याच एकाने बॉर्डर होते, गोल फिरवला की गुलाबासारखी गिरकी होते आणि मागे-पुढे केला की शिंपल्याची रांग होते. दुसरा २१ नंबर, छोटा स्टार. तिसरा ३ नंबर, गोल भोकाचा, ठिपक्यांसाठी आणि वेलींसाठी. चौथा १०४, पाकळीचा. पाचवा ३५२, पानाचा. पाकळी आणि पान पहिल्या महिन्यात वापरणारच नाही, पण वीस-तीस रुपयांसाठी पुन्हा बाजारात कुठे जाता. नोझल हातात घेतलं की आतली सांध्याची रेघ बघा. पातळ पत्रा वळवून कसाबसा जोडलेला असेल तर त्या जागी क्रीमची कड फाटते आणि तुम्हाला वाटतं हातच वाईट. गंजायला सुरुवातही त्या सांध्यातूनच होते. वापरून झाल्यावर गरम पाण्यात थोडा भांड्यांचा साबण घालून बुडवा, जुन्या नव्हे तर वेगळ्या ठेवलेल्या टूथब्रशने आतून घासा, आणि गॅस बंद केलेल्या कोमट तव्यावर पालथे घालून पूर्ण वाळवा. एवढं केलं तर स्वस्तातले नोझलही वर्षानुवर्षं टिकतात.

रशियन नोझल म्हणून जे मिळतात, एका दाबात अख्खं फूल पडणारे, त्यांचा मोह तुम्हाला होणारच. ते लोणी-पिठीसाखरेच्या घट्ट बटरक्रीमसाठी बरे. आपल्याकडच्या व्हिपिंग क्रीममध्ये, त्यातून सोलापूरकडच्या उकाड्यात, त्या फुलाचा दहा मिनिटांत गोळा होतो.

बॅगा प्लॅस्टिकच्या, वापरून टाकायच्या, बारा इंची. शंभर नगांचं पाकीट दीडशेच्या आसपास पडतं आणि शिकताना वर्षभर पुरतं, कारण त्या धुऊन दोन-तीनदा वापरता येतात. अठरा इंची घेऊ नका, नवीन हाताला ती आवरत नाही. कापडी बॅग टिकाऊ म्हणून विकतात, पण ती उकळावी लागते, वाळवावी लागते आणि पावसाळ्यात तिला आंबूस वास येतो. बॅग भरताना लस्सीच्या उंच ग्लासात उभी करा, कडा ग्लासावर उलट्या दुमडा, निम्मीच भरा. टोक कापताना थोडं कापा, नोझल घालून बघा, मग अजून थोडं. एकदा जास्त कापलं की ऐन बॉर्डरच्या मध्यात नोझल क्रीमसकट केकवर उडी मारतो. हे माझ्या पुतणीच्या वाढदिवसाला झालेलं आहे, केकच्या मधोमध खड्डा, वर नोझल. शेवटी तिथे चेरी लावली.

केकवर नाव लिहायला नोझल लागतच नाही. तुम्हाला मेंदीचा कोन करता येत असेल तर निम्मं शिक्षण झालं म्हणा. बटर पेपरचा तसाच कोन करा, पातळ केलेलं चॉकलेट भरा, टोक सुईएवढं कापा. मेंदी काढणाऱ्या मुलींचा हात माझ्या वर्गात पहिल्या दिवशीच वेगळा दिसतो. दाब किती द्यायचा आणि कधी सोडायचा हे त्यांना सांगावं लागत नाही.

मिक्सरचं बोलू. तुमच्याकडे हँड मिक्सर नाही असं मी धरून चालते. सगळ्यात मोठा खर्च हाच, आणि इथे काटकसर करायला जाऊन फसणाऱ्या खूप भेटतात. पाच-सहाशे रुपयांचे बिननावाचे मिळतात; अंडं फेटायला, ताक घुसळायला ठीक. अर्धा किलो क्रीम घट्ट होईपर्यंत सात-आठ मिनिटं चालवले की तापतात, वास येतो, आणि दुरुस्तीला नेलं तर सुटे भाग मिळत नाहीत. नावाजलेल्या कंपनीचा, अडीचशे-तीनशे वॅटचा, ज्याचं सर्व्हिस सेंटर तुमच्या तालुक्याला नाही तरी जिल्ह्याला आहे असा घ्या. तेराशे-चौदाशेत मिळून जातो. त्याहीपेक्षा चांगलं म्हणजे वाढदिवसापुरता शेजारून, बहिणीकडून मागून आणा आणि सणाच्या सवलतीची वाट बघा. रोजच्या मिक्सरच्या भांड्यात क्रीम फिरवू नका. पातं क्रीमला गरम करतं, आणि गरम झालेलं क्रीम फुलत नाही.

गरमीवरून आठवलं. या सगळ्यात स्वस्त साधन कोणतं विचाराल तर बर्फ. नॉन-डेअरी, म्हणजे दुधाच्या सायीचं नसलेल्या, व्हिपिंग क्रीमचा किलोचा पॅक गोठलेला मिळतो. तो आदल्या दिवशी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून सावकाश वितळू द्यायचा. बाहेर ओट्यावर वितळवला की खेळ संपला. फेटताना क्रीम साधारण ७ ते १० अंशांवर हवं. थर्मामीटर लागत नाही; क्रीम पूर्ण वितळलेलं पण चांगलं गार असेल आणि भांडं बाहेरून ओलं होत असेल तर बरोबर आहे. एका मोठ्या पातेल्यात बर्फ, त्यावर मूठभर खडेमीठ, आणि त्यात क्रीमचं स्टीलचं पातेलं. मिठाने बर्फ आणखी थंड होतो, कुल्फीवाला करतो तेच. फिरक्याही तासभर फ्रीजमध्ये ठेवा. आधी हळू, मग मध्यम वेगाने. फिरकी उचलल्यावर क्रीमचं टोक उभं राहून किंचित वाकलं की थांबा. त्यापुढे गेलात की क्रीम भोकाभोकाचं होतं आणि मग जगातला कुठलाही स्क्रेपर ते गुळगुळीत करू शकत नाही. माझ्याकडे "ताई, स्क्रेपर बदलू का" म्हणून येणाऱ्यांपैकी बहुतेकींचं दुखणं जास्त फेटलेलं क्रीम हेच असतं. क्रीम फुलून तिप्पट-चौपट होतं, तेव्हा अर्ध्या किलोच्या केकला, म्हणजे सहा इंची डब्यातल्या, अडीचशे ग्रॅम पुरे. उरलेल्या पॅकचं काय करायचं ते पॅकवरच लिहिलेलं असतं, तेच पाळा.

एप्रिल-मे असेल तर क्रीमचं काम रात्री दहानंतर किंवा पहाटे करा, पंखा बंद ठेवून. दर पायरीनंतर केक वीस मिनिटं फ्रीजमध्ये. आधी पातळ थर देऊन चुरा दाबून टाकायचा, मग फ्रीज, मग जाड थर. घाईने एकाच बैठकीत केलेल्या केकमध्ये चुरा वर येतोच.

थर कापायला लेव्हलर नको. केकच्या कडेला समान उंचीवर सहा-सात टूथपिक टोचा, त्यांच्या वरून शिवणाचा नवा जाड दोरा गुंडाळा, दोन्ही टोकं एकमेकांवरून ओलांडून ओढा. अगदी सरळ कापतो. करवतीसारख्या दात्यांचा ब्रेडचा सुरा असेल तर तोही चालतो.

आणि आता तुमच्या स्वयंपाकघरात आधीच काय काय पडलंय ते बघा. करंजीचं कातणं फाँडंटच्या (कणकेसारखं लाटता येणाऱ्या साखरेच्या गोळ्याच्या) पट्टीला जी नागमोडी कड देतं ती पाहून माझ्या एका विद्यार्थिनीने विकतचं कटर परत केलं. मोदकाच्या छोट्या साच्यात चॉकलेट ओतून थंड केलं की गणपतीच्या दिवसांत केकवर ठेवायला झालं. चहाची बारीक गाळणी, वेगळी ठेवलेली, कोको भुरभुरायला. काट्याने कडेला आडव्या रेघा ओढता येतात, चमच्याच्या पाठीने वरून गिरक्या. रांगोळीची नवी कोरी जाळी धुऊन, पुसून, फ्रीजमध्ये घट्ट झालेल्या केकच्या किंचित वर धरून पिठीसाखर चाळली तर सुंदर छाप उठतो; क्रीमला मात्र ती लावू नका, ते प्लॅस्टिक खाण्याच्या वस्तूंसाठी केलेलं नसतं. गुलाब करायला चपट्या डोक्याचा खास खिळा मिळतो, तो विकत घ्यायची गरज नाही. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या स्वच्छ काठीच्या टोकाला बटर पेपर गुंडाळून त्यावर पाकळ्या लावते मी, आणि काठी गोल फिरवत राहते.

दुधाची पिशवी कापून बॅग करता येते का, हा प्रश्न दर वर्गात येतो. येते. पण कितीही धुतली तरी कोपऱ्यात वास राहतो. सरावापुरती वापरा.

सराव कशावर करायचा? हे मला कुणी सांगितलं असतं तर पहिल्या वर्षीची कितीतरी किलो क्रीम वाचली असती. सहा इंच व्यासाचा, सरळ कडांचा स्टीलचा डबा टर्नटेबलवर उपडा ठेवा. तो तुमचा केक. पाव किलो वनस्पती तूप आणि तेवढीच पिठीसाखर एकत्र फेटा. हे तुमचं क्रीम. डब्याला लावा, स्क्रेपरने सरळ करा, वर बॉर्डर काढा, सगळं खरवडून पातेल्यात टाका आणि पुन्हा लावा. हे मिश्रण बाहेर राहिलं तरी महिनाभर सरावाला चालतं. खायचं अर्थातच नाही, तसं डब्यावर लिहून ठेवा, नाहीतर मुलं बोट घालतात. रोज रात्री अर्धा तास. दहा दिवसांत कडा सरळ यायला लागते. नोझलचा सराव ताटाच्या पाठीवर.

रंग जेलचे घ्या, दोन किंवा तीन. पातळ रंगाने क्रीम सैल पडतं. बाटलीवर खाद्यरंग असल्याचं आणि एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना क्रमांक असल्याचं बघा. गडद लाल किंवा काळा करायला जाऊ नका; तेवढा रंग ओतावा लागतो की क्रीम कडू लागतं आणि पाहुण्यांचे दात दुसऱ्या दिवशी फोटोत दिसतात.

एका गोष्टीत मात्र स्वस्ताच्या मागे अजिबात जाऊ नका. चमकी. सोनेरी, गुलाबी, रुपेरी पूड छोट्या डबीत मिळते आणि काही डब्यांवर 'नॉन-टॉक्सिक' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ खाण्याजोगं असा होत नाही. 'एडिबल' लिहिलेलं हवं आणि मागे घटक छापलेले हवेत. २०१८ साली अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यात वाढदिवसाच्या केकवरच्या अशाच गुलाबी-सोनेरी पुडीमुळे सहा मुलं आजारी पडली. त्या पुडीत तांबं निघालं. शिलाईच्या दुकानातले मोती, कृत्रिम फुलांच्या तारा यांचंही तेच. फूल लावायचंच तर देठ स्ट्रॉमध्ये घालून मग खोचा, आणि लहान मुलांच्या केकवर मोती नकोच.

खरेदी कुठे? बार्शीहून सोलापूर जवळ, तिथे केकचं साहित्य विकणारी दुकानं आहेत. क्रीम विकणाऱ्याला विचारा, तो बरोबर पत्ता देतो. पुण्याला कुणाचं जाणं असेल तर रविवार पेठेतली बोहरी आळी, मुंबईला क्रॉफर्ड मार्केट. तिथे नोझल सुटे मिळतात, हाताळून बघता येतात आणि केकखाली ठेवायचे बोर्ड, खोके डझनावर स्वस्त पडतात. नुसत्या केकच्या सामानासाठी गाडीभाडं घालून मात्र जाऊ नका.

तुमच्या अडीच हजारांचा हिशोब मी असा मांडला. हँड मिक्सर चौदाशे, टर्नटेबल तीनशे, पॅलेट नव्वद, स्क्रेपर चाळीस, पाच नोझल दीडशे, बॅगा दीडशे, कपलर (बॅग न बदलता नोझल बदलता येतो तो जोड) पंधरा. झाले दोन हजार एकशे पंचेचाळीस. किलोभर क्रीमला अंदाजे दोनशे तीस. उरलेल्या सव्वाशेत एक जेल रंग, आठ इंची बोर्ड आणि खोकं. दुकानागणिक दहा-वीस रुपये इकडे-तिकडे होतील. मिक्सर मागून आणलात तर त्या चौदाशेतून आधी डिजिटल वजनकाटा घ्या, तीनशे-चारशेचा, आणि बाकीचे क्रीमसाठी ठेवा. हात सामानाने नाही, क्रीमने बसतो. कपलर फक्त लहान नोझलना बसतो, वन एमला नाही, तो थेट बॅगेत घालायचा.

खोकं घेताना उंची मोजून घ्या. सहा इंची केकवर क्रीम आणि फुलं धरून किमान पाच इंच उंची हवी. सरळ कडेचा पहिलाच केक झाकणाला चिकटून आलेला पाहिला की रडू येतं, अनुभव आहे.

आणि सेटची ऑर्डर आधीच दिली असेल, रद्द होत नसेल, तर आल्यावर त्यातला वन एमसारखा मोठा स्टार, कपलर आणि प्लॅस्टिकच्या बॅगा काढून घ्या. टर्नटेबल वर सांगितलं तसं साखर ठेवून फिरवून बघा. डगमगत असेल तर त्याच दिवशी परत पाठवा, वापरून मग नाही.